नवरीची गाडी ढकलायची नाही

मरोळ गावठाण
५ ऑक्टोबर २०२५

ॲश्टन,

जूनपासून तुझा फोन सेमिनरीच्या कपाटात पडलाय आणि मी मरोळहून गोरेगावला पोस्टाने पत्रं पाठवतेय. लोकांना सांगितलं की हसतात. चालत आले असते तरी पत्राच्या आधी पोचले असते, पण तुमच्याकडे भेटायलापण परवानगी लागते. घ्या, फादर व्हा अजून.

(फादर रेक्टर, पत्रं तुमच्या टेबलावरून जातात असं हा म्हणाला होता. नमस्कार. मी याची मोठी बहीण बेला. पुढचं सगळं इंजिनाबद्दल आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.)

जानेवारीत माझं लग्न. नवरा तोच आहे, हर्षद, नाहूरचा मेडिकलवाला, मध्ये काही बदललेलं नाही. चर्चमध्ये मी पापाच्या जुन्या पद्मिनी गाडीतून जाणार हेही ठरलंय. आता तुला माहितीये पुढे काय होतं. चर्चच्या चढावर अर्ध्यात पद्मिनी धापा टाकते, मग सुटातले सगळे अंकल उतरतात, कोट काढतात आणि ढकलतात. मम्मीच्या लग्नात ढकलली, रोझी आंटीच्या लग्नात ढकलली, आता ती रीतच झालीये. जयवंत काकांचा डावा मागचा मडगार्ड ठरलेला आहे. त्यांनी परवा मला विचारलं, "बेला, तुझ्या लग्नाला मडगार्ड माझाच ना?" मी म्हटलं, काका, माझ्या लग्नात गाडी कोणी ढकलायची नाही. मी स्वतः चालवत वर नेणार. ते एवढे हसले की ठसका लागला.

पापा म्हणतो इंजिनाला हात लावायचा नाही. बिस्किट फॅक्टरीतली मशीनं तो झोपेत खोलायचा, पण स्वतःच्या गाडीला देवासारखं ठेवतो. आणि खोलायची वेळ आलीच तर तू खोलायचास. मी बॅटरी धरायचे. लहानपणापासून. "बेला, उजेड इकडे! इकडे म्हटलं ना!" बस, एवढंच मला शिकवलं त्या माणसाने.

पण उजेड धरणाऱ्याला सगळं दिसतं रे.

मी वाचलंय की इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मशीनवर घासून घेतलं की कंप्रेशन वाढतं, ताकद वाढते. किती घासायचं ते सांग. पापा या महिन्याअखेरीस उत्तनला आत्याकडे जातोय, तिचा पाय प्लास्टरमध्ये आहे. तेवढ्यात उरकते.

बेला

ता. क. मम्मीला माहीत आहे. मम्मी म्हणते तिला काही माहीत नाही.


गोरेगाव
१३ ऑक्टोबर २०२५

बेला,

तुझं पत्र मी चॅपलमध्ये वाचलं आणि हसलो, त्यामुळे आज भांडी माझ्याकडे आहेत. थँक्यू.

ऐक. पिस्टन वर येतो तेव्हा हवा आणि पेट्रोल हेडमधल्या चार खोलग्यांत दाबलं जातं. खोलगा जेवढा छोटा तेवढं दाबणं जास्त, मग स्फोट जोरात, मग धक्का जोरात. माणसं तेवढीच, हॉल छोटा, नाच जास्त. तळ घासला की हेड पातळ होतं आणि खोलगे उथळ. आपल्या इंजिनात मिश्रण जेमतेम सातपट दाबलं जातं, त्या काळचं पेट्रोलच तसं होतं. आताच्या पेट्रोलवर आठच्या थोडं वर चालेल. पण हावरटपणा नको. जास्त घासलंस तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला येतील, नाहीतर पेट्रोल प्लगची वाट न बघता स्वतःच पेटेल. चढावर इंजिन पत्र्याच्या डब्यात खडे टाकल्यासारखं वाजायला लागलं की समज, वाट लागली.

आधी माप. हेड उलटं ठेव, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर ठेवून. काचेच्या तुकड्याला भोक पाड, ग्रीस लावून खोलग्यावर चिकटव आणि सिरिंजने रॉकेल भर. चारही खोलग्यांत सारखं गेलं पाहिजे. मग माझ्या हिशोबाने दीड मिलिमीटर काढ.

मला इथे बसून हात शिवशिवतात गं. सकाळी प्रार्थनेला डोळे मिटले की इंजिनातले टॅपेट दिसतात.

ॲश्टन

(समासात, हिरव्या शाईत, दुसऱ्या अक्षरात: दीड जास्त होईल. एक पुरे. माझ्याकडे येझदी होती. — रेक्टर)


मरोळ
२६ ऑक्टोबर २०२५

ॲशू,

अरे तुझे फादर!! मी ते हिरवं अक्षर गावठाणात सगळ्यांना दाखवलं असतं, पण सीक्रेट आहे म्हणून फक्त हर्षदला दाखवलं. तो म्हणाला, "आता ऐकायचं कोणाचं?" मी म्हटलं, भावाचा मान आणि फादरचा मान. सव्वा.

आता क्रमाने सांगते.

पापा गेला. पद्मिनी शेडमध्ये, वर चादर. मी आणि हर्षदने हेड काढलं. म्हणजे मी काढलं, हर्षदने नट मोजून दह्याच्या डब्यात ठेवले आणि डब्याला लेबल लावलं, "सकाळ-संध्याकाळ". मेडिकलवाल्याशी लग्न करण्याचा फायदा म्हणजे सिरिंजा पाहिजे तेवढ्या. पण रॉकेल? मुंबईत रॉकेल आता कुठे मिळतं रे? पाणी काचेखाली नीट दिसेना. शेवटी मम्मीने लग्नासाठी भरून ठेवलेली जांभळाची वाइन घेतली. रंग असा मस्त दिसतो की काय सांगू. तीन खोलग्यांत सारखी गेली, चौथ्यात कमी. हर्षद म्हणाला, "चौथा लहान आहे." मी म्हटलं, चौथ्यात काजळी आहे, थांब. बोटभर निघाली! खरवडून परत भरलं, चारही सारखे. मग सिरिंजमध्ये उरलेली वाइन वाया कशाला घालवायची म्हणून एकमेकांच्या तोंडात मारली. फादर, हे वाचू नका.

मग साकीनाका. मागच्या गल्लीत चंद्रप्रकाशचा गाळा आहे, मोठं मिलिंग मशीन. त्याने हेडकडे बघितलं, मग हर्षदकडे बघून म्हणाला, "बोलो साब, कितना निकालना है?" हर्षद म्हणाला, "मी सिरिंजवाला आहे. मॅडमना विचारा." चंद्रप्रकाशने मला तीनदा विचारलं, नक्की ना, परत चिकटवता नाही येणार. मी तीनदा नक्की म्हटलं. पापाची गाडी आहे. पापाला विचारलेलं नाही.

त्याने हेड टेबलावर बांधलं, काटा लावून चारी कोपरे सारखे केले आणि कटर सोडला. ॲशू, तू बघायला पाहिजे होतास. काळाकुट्ट तळ, त्यावरून कटर हळूहळू चालत आला आणि त्याच्या मागे नुसता आरसा. चांदीचा कीस उडतोय, नारळासारखा. दुसऱ्या फेरीनंतर मी वाकले तर त्याच्यात माझं नाक दिसलं. मशीनच्या आवाजात मी ओरडले, "झकास!" आणि चंद्रप्रकाश पहिल्यांदा हसला.

उद्या बसवते.

बेला


मरोळ
३० ऑक्टोबर २०२५
(हर्षदच्या दुकानाच्या औषधाच्या पाकिटावर)

फुस्स.

सगळं बसवलं. नवीन गॅस्केट, नट क्रमाने आवळले, मधून बाहेर, जसा तू आवळायचास तसे. स्टार्टर मारला. फुस्स. हँडल घालून फिरवलं तर हाताला जोरच लागत नाही, रिकाम्या विहिरीचा रहाट फिरवल्यासारखं. कंप्रेशन वाढवायला गेले, होतं तेही गेलं.

पापा पुढच्या आठवड्यात येतोय. त्याला काय सांगू? तीस वर्षं ढकलून का होईना, वर जात होती ती. माझ्या हातून जातच नाही.

रडत नाहीये. हात ग्रीसचे आहेत, डोळे पुसता येत नाहीत म्हणून रडत नाहीये.


गोरेगाव
१ नोव्हेंबर २०२५

बेला,

सव्वा!! तू आपल्या कोकणी शेजाऱ्यांसारखी वागलीस, दोघांचंही ऐकून तिसरंच केलंस. सव्वीस तारखेचं पत्र आत्ता मिळालं. आरशात नाक दिसलं ते वाचून मला एवढा हेवा वाटला की कन्फेशनला जावं लागेल. वाइनमध्ये साखर असते, पेट्रोलने धुऊन घे, नाहीतर व्हॉल्व्ह चिकटतील. आतापर्यंत इंजिन चालू झालंच असेल. कसं वाजतंय? सविस्तर लिही, आवाजासकट.

ॲश्टन

(खाली हिरव्या शाईत: बेटा बेला, चालू झालं नसेल. घाबरू नकोस. हेड सव्वा मिलिमीटर खाली बसलं, पण खालून व्हॉल्व्हना ढकलणाऱ्या दांड्या तेवढ्याच लांब राहिल्या. त्या आता व्हॉल्व्हना नीट मिटू देत नाहीत, सगळी हवा तिथून निसटते. वर व्हॉल्व्ह दाबणारे जे रॉकर आहेत, त्यांच्या स्टँडखाली सव्वा मिलिमीटरचे पत्रे घाल. खालून काढलं तेवढं वर दे. मग व्हॉल्व्हची गॅप लाव. ॲश्टनला हे माहीत नव्हतं. त्याचं लॅटिनही असंच आहे. — रेक्टर)


मरोळ
९ नोव्हेंबर २०२५

बाबा ॲश्टन,

मी बरा हाय. उत्तनवरून कालच आलो. तुझ्या आत्याचा पाय सुधारतो, तोंड तर मोडलंच नव्हतं.

एक विचारतो. मी आज शेडमध्ये गेलो, चादर काढली. गाडीचं हेड कोणीतरी काढून बसवलंय. रॉकरखाली पितळेचे नवे पत्रे हायत. मी सेल्फ नाही मारला, हँडलच फिरवून बघितलं. हाताला असा झटका दिला की खांदा दुखतो. एवढा दम तिला नवी असतानापण नव्हता.

असं काम आपल्या घरात एकच माणूस करतो. तू पळून आलास काय? कुठे लपलास? जयवंतकडे? मी रागावलो नाय. फादर नसेल व्हायचं तर नको होऊ, जबरदस्ती नाय. सरळ घरी ये. लपून गाडी दुरुस्त करायची काय गरज.

मम्मीला विचारलं. ती म्हणते तिला काही माहीत नाय. म्हणजे नक्कीच काहीतरी हाय.

तुझा पापा,
बर्नार्ड


गोरेगाव
१५ नोव्हेंबर २०२५

पापा,

मी इथेच आहे. पळून आलेलो नाही आणि येणारही नाही. मला इथे आवडतंय, टॅपेटची आठवण आली तरी. आत्ता बागेत पाणी घालून आलो, बोटांना चिखल आहे, बघ कागदावर.

ते काम बेलाचं आहे. सगळं. खोललं तिने, मापलं तिने, साकीनाक्याला नेलं तिने, बंद पडलं तेव्हा परत उघडलंही तिने. मी फक्त बॅटरी धरली, तीही पत्रातून, आणि एकदा उजेड चुकीच्या जागी पाडला.

तिला तुझ्याकडून शाबासकी नकोय पापा, म्हणजे हवीय, पण मागणार नाही. तिला गाडी चढावर न्यायचीये, स्वतः. तू काही बोलू नकोस. फक्त त्या दिवशी बघ.

ॲश्टन


मरोळ
२४ नोव्हेंबर २०२५

ॲशू, फादर, दोघांनाही,

वाजतंय!!!!

हिरव्या शाईचं पत्र आलं त्याच दिवशी पळत चंद्रप्रकाशकडे गेले. पितळेच्या पट्टीतून त्याने मापाचे पत्रे कापून दिले. बसवले. गॅप लावली. सेल्फ मारला आणि ॲशू, शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. एकाच वेळी, सगळी. मम्मी बाहेर येऊन म्हणाली, "मला काही माहीत नाही," आणि नाचली.

मागच्या रविवारी आरे कॉलनीत नेली, हर्षद आणि त्याची आई सोबत. सुलक्षणा आई मागे बसल्या होत्या. मी दुसऱ्या गियरमध्ये चढ घेतला आणि मागे तबेल्याची म्हैस अशी छोटी छोटी होत गेली. त्या म्हणाल्या, "माका सांग, लग्नाक व्हकल स्वतः गाडी चलवतली?" मी म्हटलं, हो, नवरीच चालवणार. मला वाटलं आता लेक्चर. म्हणाल्या, "मगे फुडे मी बसतलंय. मागे माका गरगरता."

पहिल्या चढाला थोडे खडे वाजले, तू म्हणालास तसे. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ठिणगी जराशी उशिरा केली, गप्प झाले.

आता दुसरं. पापा. काल त्याला बसवून मरोळ नाक्यापर्यंत नेलं. मुद्दाम जोरात नेलं, सगळ्या सिग्नलवरून सगळ्यात आधी आम्ही सुटलो. तो खिडकीबाहेर बघत होता. घरी आल्यावर म्हणाला, "पेट्रोल बदललंस काय?" बस! एवढंच! आणि संध्याकाळी अंकल लोकांना फोन करत होता, लग्नाला जुने बूट आणा, चढावर लाल माती असते. म्हणजे त्याला वाटतंय ढकलावीच लागणार. आयुष्यभर इंजिनं ऐकलेल्या माणसाला हे ऐकू येत नाही? की मी चालवतेय म्हणून ऐकू येत नाही?

जाऊ दे. चढ बघून घेईल.

बेला


गोरेगाव
१८ जानेवारी २०२६

मिसेस बेला,

लग्नाच्या शुभेच्छा समोर दिल्याच. आता उत्तर दे. जेवण झाल्या झाल्या फादर मला परत घेऊन आले, तू फोटोत अडकलीस आणि खाली नक्की काय झालं ते मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही.

मला वरून काय दिसलं ते सांगतो. मी, फादर रेक्टर आणि हर्षद चर्चच्या दारात उभे. खालून आवाज आला. फादरनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सव्वा बरोबर होतं." पद्मिनी वळणावरून आली, न थांबता, न खोकता, तुझा पदर खिडकीतून उडतोय, शेजारी सुलक्षणा मावशी हात जोडून. सरळ दारापर्यंत! मी टाळ्या वाजवल्या. फादरनी शिट्टी मारली, खरंच, दोन बोटं घालून. बँडवाले अजून खालीच.

मग मावशी उतरल्या. तू हर्षदकडे बघितलंस. मग आरशात बघितलंस. मग गाडी वळवलीस आणि गेलीस.

बेला, गेलीस!! चर्चच्या दारातून! हर्षदचा चेहरा पांढरा. मावशी म्हणाल्या, "मी काय बोलूक नाय तिका, देवाशपथ." फादर म्हणाले, "ब्रेक लागत नसतील." मी म्हटलं, लागतात फादर. ते म्हणाले, "मग प्रार्थना करू."

आणि आम्ही तिथे उभं राहून प्रार्थना करत होतो.

काय झालं??

ॲश्टन


मरोळ
२५ जानेवारी २०२६

ॲशू,

हसून हसून माझी बांगडी फुटली. हर्षदला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणतो तो घाबरला नव्हता, ऊन लागत होतं. त्याला ब्लडप्रेशरची गोळी द्यायची पाळी आली होती आणि गोळ्या नाहूरला.

ऐक. मी चढाच्या पायथ्याशी आले तेव्हा सात अंकल दोन रांगांत उभे. सूट, खाली जुने बूट, बाह्या वर. डाव्या मडगार्डच्या जागी जयवंत काका. उजव्या मडगार्डला पापा. बँड वाजतोय. मी हॉर्न दिला, दुसरा गियर, आणि त्यांच्या मधून निघून गेले. ते सगळे हात पुढे करून तसेच उभे राहिले. रांगेच्या मधून गाडी गेली आणि कोणाच्या हातालाच लागली नाही.

वर येईपर्यंत मी ओरडत होते, सुलक्षणा आई ओरडत होत्या. जिंकले रे मी! मग वर आरशात बघितलं. खाली वळणापाशी सात माणसं दिसत होती. जयवंत काका आपल्या हातांकडे बघत होते. आता त्या हातांचं करायचं काय असं. मला वाटलं, अरे, तीस वर्षं हेच हात लागले म्हणून आपल्या घरातल्या सगळ्या नवऱ्या वेळेवर पोचल्या. आज मी त्यांना मातीत उभं करून आले.

म्हणून वळले.

खाली जाऊन दार उघडलं. म्हटलं, बसा. जयवंत काका म्हणाले, "बंद पडली ना? सांगितलं होतं." मी म्हटलं, बसा काका. पहिल्या फेरीत चार बसवले, मागे तिघं, पुढे एक. ॲशू, चार अंकल आणि त्यांची चार पोटं, तशी भरलेली गाडी दुसऱ्या गियरमध्ये चढली! मागून आवाज येत होते, "आता थांबेल... आता थांबेल... अरे आता तरी थांब!" जयवंत काका खिडकीतून हात बाहेर काढून मडगार्ड थोपटत होते. तू तेव्हा प्रार्थना करत होतास ना, डोळे मिटून, म्हणून दिसलं नाही तुला. मला वाटलं तू माझ्यासाठी रडतोयस.

दुसऱ्या फेरीला उरलेले तीन. पापा पुढे बसला. अर्ध्या चढावर, नेहमी जिथे बंद पडायची तिथे, त्याने गुडघ्यावरचा हात उचलून डॅशबोर्डवर ठेवला. तसाच ठेवला वरपर्यंत. उतरताना म्हणाला, "सव्वा ना?"

मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं?

म्हणाला, "पत्रा सव्वाचा हाय. मोजला मी. नोव्हेंबरात. ॲश्टनला विचारलंपण." आणि मग नवरीला हात धरून आत न्यायचं विसरून एकटाच आत गेला, मी मागून पळत गेले. ते तर तुम्ही सगळ्यांनी बघितलंच.

म्हणजे त्याला माहीत होतं आणि तुलाही! तुझा हिशोब इस्टरला करते.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. आज सकाळी मी आणि हर्षद मरोळला आलो, तर पापा शेडमध्ये. बॉनेट वर. अंधार असतो ना तिथे, तुला माहितीये. मला बघून सवयीने म्हणाला, "बेला, बॅटरी..." आणि थांबला. खिळ्यावरून स्वतः बॅटरी काढली, स्वतः लावली आणि इंजिनावर धरून उभा राहिला. म्हणाला, "हां, दाखव. कसं केलंस ते. पहिल्यापासून."

मी रॉकरचं कव्हर काढलं. पहिला पत्रा दाखवला, दुसरा दाखवला. त्याला उजेड धरता येत नाही रे ॲशू. अजिबात येत नाही. तो माझ्या हातांऐवजी माझ्याकडेच बघत बसतो आणि बॅटरी भलतीकडे जाते.

शेवटी मी ओरडले, "पापा, उजेड इकडे! इकडे म्हटलं ना!"

बेला